घरात सगळेच ‘डॉक्टर’

मंडळी, आत्ताच भावाला घेऊन नोएडाहून परतले. फार दमलेय.

नव्या गोळ्यांनी निनाद दिवसभर पेंगतो. आईने हे ‘डॉक्टरांना’ केव्हाच सांगितलं होतं. आज मी त्यांनाच डोस कमी करण्याबद्दल विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, “बेटा, मैं साइकोलॉजिस्ट हूँ. दवा साइकियाट्रिस्ट बदलेंगे. उन्हें बताया?”

नव्हतं सांगितलं. आमच्याकडे बोलून उपचार करणाऱ्या, हाताचे व्यायाम घेणारे, गोळ्या लिहून देणारे, सगळे ‘डॉक्टर’च. एकाला सांगितलं की सगळ्यांना कळलं, असं आम्ही धरून चाललो.

कॅबमध्ये निनादने डोळे न उघडताच विचारलं, “ताई, म्हणजे आता परत सगळं सांगायचं?”

“मी सांगेन. तू झोप,” म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली.

तुमच्याकडे कोणाला काय सांगायचं, हे कोण लक्षात ठेवतं?