भर दुपारी फायबर काढणारा माणूस

"काढून बघू?" असं ते विचारायचे आणि उत्तर यायच्या आत तार काढलेली असायची. चालू फायबर हातात, नजर समोरच्या पडद्यावर. फोन-इंटरनेटची सगळी वाहतूक दुसऱ्या वाटेने वळली की चेहरा उजळायचा. "जिवंत आहे हो!"

सॉल्ट लेकमधल्या टेलिकॉम कंपनीत मी त्यांचा साहेब होतो. ते कोलकात्यातच जन्मलेले, मराठीत मधूनच बंगाली घुसायची. शहरभर आमच्या काचेच्या तारांचं जाळं होतं. एक वाट तुटली तर जाळ्याने आपण होऊन दुसरी धरायची. ते धरतं का, हे पाहायला ते ऐन कामाच्या वेळी, कुणालाही न सांगता एक तार उपटायचे.

"निदान आधी कळवा तरी!" एकदा एक मॅनेजर त्यांच्यावर ओरडला.

"आरे बाबा, रस्ता खोदणारा काय फोन करून येतो?"

आमची अधिकृत चाचणी कशी असायची, ते सांगतानाही मला आज किळस येते. पाहुणे यायच्या आधीच सगळी वाहतूक आम्ही हाताने दुसऱ्या वाटेवर सरकवून ठेवायचो. मग मोठे साहेब रिकामी तार काढायचे. काहीच बंद पडायचं नाही. टाळ्या व्हायच्या, संदेशाची मिठाई वाटली जायची. हे मागे उभे राहून म्हणायचे, "घर रिकामं करून आग लावली, कुणी भाजलं नाही. द्या, संदेश द्या." आणि दोन उचलायचे.

एका वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर हावड्याची वाहतूक सारखी या वाटेवरून त्या वाटेवर उड्या मारू लागली. तक्रारी आल्या. हे तेव्हा रजेवर होते. मला सुट्टी शांततेत हवी होती, म्हणून मी हावड्याचं आपोआप वाट बदलणंच बंद करून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. पूजा झाली, कालीपूजाही झाली. ते बंदच राहिलं.

रजेवरून आल्यावर त्यांनी विचारलं, "हावड्याची काढून बघू?"

"आता हे खेळ पुरे," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं. त्यांनी माझं ऐकलं ते तेवढंच.

मग हावड्यात खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली आणि जाळं ढिम्म राहिलं. बँकांचं काम थांबलं, रुग्णालयांचे फोन मुके झाले. हे धावत यंत्रांच्या खोलीत गेले. मला कारण माहीत होतं. मी माझ्या टेबलावरून गुपचूप ती सोय परत चालू केली आणि सगळं सुरळीत झालं.

चौकशीत प्रश्न एकच होता: दुसरी वाट का मिळाली नाही? कुणीतरी म्हणालं, त्या वेळी हेच खोलीत होते, यांनीच दुसरी तार उपटली असणार. सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "त्यांना सवय आहेच."

वाक्य खरं होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी पुढे काही बोलेन अशी त्यांची खात्री असावी. मी ग्लासात पाणी ओतून घेतलं.

त्यांची नोकरी गेली. पुढे कुठेही काही बंद पडलं, की ऑफिसात विनोद व्हायचा, "काय, ते येऊन गेले का?" मीही हसायचो.

या हिवाळ्यात ते गेले. शोकसभेत चहाबरोबर तोच विनोद पुन्हा निघाला, आणि तोही त्यांच्या मुलीसमोर. तेव्हा मी उठलो आणि हे सगळं सांगितलं. शेजारचा जुना सहकारी माझी बाही ओढत म्हणाला, "बसा हो, आता काय त्याचं!" मुलीने कप खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. तुमच्यापैकी ज्यांनी तो विनोद ऐकला असेल, त्यांच्यासाठी इथे पुन्हा लिहितो: त्यांनी तार काढली नव्हती. वाट मी बंद केली होती.

नोकरी गेल्यानंतर ते मला एकदाच भेटले, हावड्याच्या फेरीबोटीत. गर्दी होती. मला पाहताच ते जागेवरून उठले.

"बसा साहेब. तुमचे गुडघे दुखतात ना?"

आणि मी बसलो.