शरदावर एक पान

निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी मी गारखेड्यातल्या वाचनालयात शनिवारी सकाळी भरणाऱ्या लेखन मंडळात जायला लागले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्यांवर लेबलं लिहिली, त्यापलीकडे माझ्या हातून काही लिहून झालं नव्हतं. वाचन मात्र भरपूर होतं. आश्विन लागला तसं मंडळात ठरलं, की प्रत्येकीनं शरद ऋतूवर एक पान लिहून आणायचं.

गॅलरीत भोवती पुस्तकं मांडून बसले आणि चार दिवसांत मी ते पान पुरं केलं. त्यात कमळांनी भरलेलं तळं होतं, हंस होते, आंब्यावर कोकिळा गात होती. वाचून माझी मीच खूश झाले. दसऱ्याला पिशोरला आक्काकडं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडं जायचं होतं. ते पान आणि चार पुस्तकं पिशवीत टाकून मी एसटीनं निघाले.

आक्का सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन पिशोरला गेली ती तिथल्या शेतातच रमली. मी पोचले तेव्हा ती अंगणात मक्याची कणसं सोलत होती. चहा झाल्याबरोबर मी तिला माझं पान वाचून दाखवलं. तिनं हात न थांबवता सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे कुठलं गाव गं?"

मी म्हटलं, असंच, कुठलंही.

"कमळं तर आपल्याकडं नायत. आन् कोकिळा आता बोलती व्हय? ती कवाच गप झाली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. जेवणाआधी मी ते पान पिशवीच्या तळाशी सारलं. ते तिच्या ध्यानात आलं असावं. ताटं उचलता उचलता म्हणाली, उद्या सकाळी माझ्याबरोबर शेतात चल, वही घे.

सकाळी निघालो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. बांधावरचं गवत दवानं भिजलेलं आणि त्यावर जागोजागी कोळ्यांची जाळी पसरलेली. कपाशीची पहिली बोंडं उकलली होती, कडेनं कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे होते. आक्कानं एकदम माझा हात धरून थांबवलं. समोरच्या ढेकळांतून एक इवलासा पक्षी शेपूट वरखाली हलवत पळत होता. धोबी.

"परवाच आला," ती हळूच म्हणाली. "ह्यो दिसला की मी समजते, पाऊस सरला."

मग मी विचारत गेले, ती सांगत गेली, मी चालता चालता लिहीत गेले. वहीत डोकं घातल्यानं पाटाचा चिखल दिसलाच नाही आणि माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला. चप्पल निघेना. आक्का हसत हसत बांधावरच बसली. तिला बघून मलाही हसू आवरेना.

घरी येऊन मी साडीला चिकटलेली कुसळं काढत बसले. आक्कानं माझ्या पिशवीतून एक कथांचं पुस्तक काढलं आणि लिंबाखालच्या बाजेवर आडवी झाली. दुपार झाली तरी ती उठेना, तेव्हा भाकरी मीच थापल्या. दोन करपल्या. तिनं पुस्तकातली नजर न काढता त्या खाल्ल्या. निघताना चारही पुस्तकं तिनं ठेवून घेतली.

शनिवारी मंडळात मी नवं पान वाचलं. एक वयस्कर बाई वाचनानंतर जवळ आल्या आणि हे शेत कुठं आहे म्हणून विचारू लागल्या, त्यांना बघायला जायचं होतं. यातली अर्धी वाक्यं माझ्या बहिणीची आहेत, हेही मी सगळ्यांना सांगून टाकलं. आक्काला फोनवर हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, "माझी कशाची? तूच लिहिलं ना."

पण पंधरा दिवसांनी तिनं पुस्तकं परत पाठवली, त्यातल्या एकात घडी घातलेला कागद होता. मोठ्या, वळणदार अक्षरात तिनं मका सोलण्यावर लिहिलं होतं: वाळलेल्या सालीचा आवाज, बोटांना येणारा वास, शेजारणींच्या गप्पा. मी ते तीनदा वाचलं. नंतर मंडळात वाचलं आणि टाळ्या माझ्या पानापेक्षा जास्त पडल्या. मला त्याचा आनंदच झाला, थोडा हेवाही वाटला.

यंदाच्या दसऱ्याला तिनं येताना रेघांची वही आणायला सांगितली होती. मी दोन नेल्या.