रविवारची अंघोळ

विभा रणपिसेने लॅमिनेशनचं मशीन विकत घेतलं, त्याच दिवशी सिंगापुरातल्या यिशुनच्या त्या चर्चमधल्या मंडळींनी सावध व्हायला हवं होतं. बाई शिस्तीची. पाया लेबारला एका कंपनीच्या फायनान्स विभागात तिची वीस वर्षं गेलेली, आणि दिसेल तिथे पाटी चिकटवायची तिला भारी खोड. 'पंखे बंद करा.' 'चपला ओळीत ठेवा.' 'कप विसळा, देव बघतो आहे.' ही शेवटची पाटी पाळकांनी हसत हसत काढायला लावली, तर बाई आठवडाभर घुश्शात होती.

मनाने वाईट नव्हे हो. कुणाकडे बाळंतीण असली की डिंकाचे लाडू हिच्या घरून जाणार. कुणाच्या वर्क पासचं नूतनीकरण अडलं की प्रार्थनाही हीच करणार आणि फॉर्मही हीच भरणार. पण तिच्या नीटनेटकेपणाच्या आड कुणी आलं की मग त्याची खैर नाही. नवरा रवींद्र जुरोंग आयलंडला इंजिनिअर होता. पहाटे कंपनीच्या बसने निघून जायचा तो निम्मा तिच्या पाट्यांपासून वाचायला जातो, असं तो स्वतःच सांगायचा.

ती मूळची नगरची, मिशनच्या कंपाउंडात वाढलेली. तिथे आठ घरांत एकच नळ. रविवारी पहाटे पाचपासून नळावर बादल्यांची रांग लागायची. आई बंबात पाणी तापवून एकेका पोरासाठी बादली भरायची आणि आतून हाक मारायची, "विभे, पाणी काढलंय गं." अंघोळ केल्याशिवाय उपासनेला पाऊल टाकायचं नाही, हा घरचा कायदा होता. एकदा विभाला सडकून ताप होता, तेव्हा आईने तिला ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि मगच चर्चला नेलं. चर्चच्या युवक वर्गातल्या मुलांना ही गोष्ट विभाताई दर वर्षी रंगवून सांगायची. सांगताना स्वतःच्या आईवर ती फार खूश असायची.

तर या चर्चमध्ये खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागे, एक छोटं न्हाणीघर होतं. बाप्तिस्मा झाल्यावर माणसांना ओले कपडे बदलायला जागा हवी म्हणून बांधलेलं. वर्षातून दोनदा त्याचा उपयोग. शॉवरची धार करंगळीएवढी, बादली भरायला पाव तास लागायचा. आणि तरीही दर रविवारी सकाळी त्या न्हाणीघराची फरशी ओली सापडायची. विभाताई आठ वाजता फुलदाण्यांत पाणी भरायला तिथे जायची. एके रविवारी ती नारायणपेठ साडीत तिथेच सपशेल आडवी झाली. लागलं फार नाही, पण तिला राग मात्र जबरदस्त आला. बॅडमिंटन खेळून येणारी पोरं इथे अंघोळी उरकतात, असं तिने ठरवूनच टाकलं.

इमारतीची देखभाल निशिकांत बघायचा. बँकेतला माणूस, स्वभावाने तिच्याच जातकुळीचा. त्याने लगेच मान डोलावली. पुढच्या रविवारी न्हाणीघराच्या दारावर पाटी लागली: 'इथे अंघोळ करण्यास सक्त मनाई.' खाली दोन रेघा, वर शॉवरचं चित्र आणि चित्रावर लाल फुली. त्याच्या पुढच्या रविवारी फरशी कोरडी ठणठणीत. विभाताईने समाधानाने फुलदाण्या भरल्या.

त्याच सुमारास पाळकांनी युवक वर्गासाठी तिला नवा विषय दिला, 'बेघर माणसं आणि देवावरचा विश्वास'. चार रविवारचे चार धडे. चौदा ते अठरा वयाची अकरा मुलं होती, बहुतेक इथेच जन्मलेली. विभाताईने जीव ओतून तयारी केली. या शहरात बेघर माणूस सहसा ओळखू येत नाही, तो कामाला जातो, नीट कपडे घालतो, आपल्या शेजारी बसून कॉफी पितो, हे तिने मुलांना समजावलं. देव कुणालाच टाकत नाही, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाचीही तो सोय करतो, हे तर तिने पहिल्याच रविवारी सांगितलं. मुलांनी वहीत लिहूनही घेतलं.

तिसऱ्या रविवारी ती वर्गात आली तीच चडफडत. सभागृहातल्या खुर्च्या गेले तीन रविवार वेड्यावाकड्या लागत होत्या. एरवी खुर्च्या लेस्ली अंकल लावायचे. सत्तरीला टेकलेला चिनी माणूस, किडकिडीत, कमी बोलणारा, आणि बोलला तर इथल्या मोडक्या इंग्रजीत. साडेसहाला पाळक दार उघडायचे तेव्हा अंकल बाहेर उभेच असायचे. त्यांनी लावलेल्या रांगा अशा सरळ, की विभाताईला त्यांच्यात बोट ठेवायला जागा मिळायची नाही, आणि हा मान तिने दुसऱ्या कुणालाच दिलेला नव्हता. आता अंकल तीन रविवार आलेच नव्हते. खुर्च्यांसाठीही एक पाटी करावी, असं तिच्या मनात घोळत होतं.

धडा अर्ध्यावर आला असताना शिवांगीने हात वर केला. शिवांगी सोळा वर्षांची. उत्तर मिळाल्याशिवाय ती बाईंना सोडत नसे.

"आंटी, ही माणसं अंघोळ कुठे करतात?"

मुलं फिदीफिदी हसली.

"हसू नका लाह," शिवांगी इथल्या पोरांच्या लकबीत म्हणाली. "मी एक गेम बॅडमिंटन खेळले तरी मला माझाच वास सहन होत नाही. त्यांना तर कामावर जायचं असतं. चर्चला यायचं असतं."

विभाताईची नजर दाराकडे गेली. वर्गाच्या उघड्या दारातून समोरचा बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाला न्हाणीघराचं दार, आणि दारावर तिची पाटी. रविवारी सकाळी लेस्ली अंकलचे केस नेहमी ओले असायचे, नीट भांग पाडलेले. पियानोच्या मागे त्यांची एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. त्या पिशवीतून टॉवेलाचं टोक बाहेर आलेलं तिने कितीदा पाहिलं होतं, आणि दर वेळी 'पिशव्या इथे ठेवू नयेत' एवढंच तिच्या मनात आलं होतं. पाटी लागून तीन रविवार झाले होते. अंकल न येऊनही तीनच.

"मला माहीत नाही," ती शिवांगीला म्हणाली. वर्गात हे वाक्य तिने आजवर उच्चारलं नव्हतं.

रात्री तिने ताट तसंच बाजूला सरकवलं. रवींद्रने विचारलं, तर ती नुसतीच म्हणाली, "मी एका माणसाला देवाच्या दारातून हाकललंय." त्याला काही कळलं नाही, पण तो टीव्ही बंद करून तिच्याजवळ बसून राहिला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसजवळच्या फूडकोर्टमध्ये गेली. अंकल तिथे ट्रे उचलायचं काम करतात हे तिला माहीत होतं. मागे एकदा त्यांनी तिला गर्दीत टेबल पुसून दिलं होतं. ते दिसले. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीसारखा चापून बसवलेला. गर्दी ओसरेपर्यंत ती थंड झालेल्या भातासमोर बसून राहिली. मग ते तिचा ट्रे घ्यायला आले.

"अंकल, तुम्ही चर्चला का येत नाही?"

त्यांनी टेबल पुसायला घेतलं. "बोर्डवर नॉट अलाउड लिहिलंय. मग नॉट अलाउड लाह."

त्या आवाजात तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. तिला तो हवा होता. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

"अंघोळ नाही केली तर काय झालं? तसेच या ना."

अंकलनी फडकं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "देवासमोर? असं?"

विभाताईला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिच्या आईचं वाक्य होतं. नगरच्या नळावर, पहाटेच्या रांगेत, तिने ते शंभरदा ऐकलं होतं, आणि गेली वीस वर्षं तीच ते मुलांना कौतुकाने सांगत आली होती.

"ती पाटी मी लावली," ती म्हणाली. "माझं चुकलं, अंकल."

"माहितीये. सगळ्या पाट्या तुमच्याच असतात." ते किंचित हसले. "कप विसळा, देव बघतो आहे. ती मला आवडायची."

मग थोडं थोडं बोलले. भावाकडे राहायचे, भावाने फ्लॅट विकला. भाड्याच्या खोलीत एका अनोळखी माणसाबरोबर राहिले, तो पिऊन मारामारी करायचा, म्हणून तिथून बाहेर पडले. आठ महिने झाले. दुसऱ्या जागेसाठी अर्ज केलाय, नंबर लागेल. कुठे झोपता, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "इकडे, तिकडे." तिने पुन्हा विचारलं नाही. पाळकांशी बोलते, सगळे मिळून काहीतरी करू, असं ती म्हणाली मात्र, त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"नाही. कुणाला सांगू नका. पाळकांशी मी माझं बोलेन, माझ्या वेळेला. मुलं मला अंकल म्हणतात. उद्या मला प्रोजेक्ट म्हणतील."

विभाताईच्या पर्समध्ये चौथ्या धड्याचा कागद होता. त्याचं शीर्षकच 'आपला प्रोजेक्ट' होतं. तिने पर्स घट्ट धरली आणि कुणालाही सांगणार नाही असा शब्द दिला. रविवारी पाटी निघालेली असेल, तुम्ही या, एवढं सांगून ती उठली.

रविवारी ती सव्वासहालाच चर्चच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पाळकांनी दार उघडताच आत गेली आणि पाटी काढायला लागली. डिंक तिनेच चांगल्यातला वापरला होता, त्यामुळे निघता निघेना. नखांनी खरवडून, ओल्या फडक्याने घासून तिने दार स्वच्छ केलं. तेवढ्यात अंकल आले. तिने त्यांच्याकडे न बघता बाजूला होऊन वाट दिली. आठ वाजता सभागृहातल्या खुर्च्या सुतासारख्या सरळ होत्या.

पण गोष्ट इतक्यात मिटायची नव्हती. उपासनेनंतर सगळे चहा आणि करी पफ घेत उभे असताना निशिकांत तावातावाने आला.

"पाटी कुणी काढली? न्हाणीघर परत ओलं झालंय. आता मी कुलूपच घालतो. किल्ली माझ्याकडे राहील. बाप्तिस्म्याच्या दिवशी उघडू."

खोलीच्या त्या टोकाला लेस्ली अंकल कप विसळत होते. त्यांचे हात थांबले. आता कुलूप लागलं की हा माणूस पुन्हा येणार नाही, कधीच येणार नाही, हे विभाताईला लख्ख कळलं. खरं बोलावं तर दिलेला शब्द मोडतो. गप्प बसावं तर दार बंद होतं.

"मी काढली," ती म्हणाली. "तिथे मी अंघोळ करते."

चहा पिणारी माणसं चहा प्यायची थांबली. शंभर माणसांत जिच्या साडीला सुरकुती पडत नाही ती ही बाई.

"तुम्ही?" निशिकांत म्हणाला. "अहो, मनाईची पाटी तुम्हीच लावली होती ना?"

"हो. चूक झाली."

"घरून करून यायला काय होतं?"

"चालत येते. घाम येतो. तशी मी उपासनेला बसत नाही. आईची शिकवण आहे." मग तिने कमरेवर हात ठेवले. "काही अडचण आहे का तुमची?"

निशिकांतची काय बिशाद होती अडचण असण्याची. कुणीतरी तोंड फिरवून हसलं. विभाताईचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. कुलपाचा विषय तिथेच बारगळला.

त्यानंतर वर्गात ती फळ्यासमोर उभी राहिली. प्रोजेक्टचा कागद तिने बाहेर काढलाच नाही.

"शिवांगीने मागच्या वेळी एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं की देव बेघरांची सोय करतो. ते खरंच आहे. एका माणसाची त्याने सोय केली होती. साधीच, पाण्याची. ती मी बंद केली. मला त्यात घाण दिसली. देवाने ठेवलेली वस्तू मी माझ्या हाताने काढून घेतली, आणि वर तुम्हाला विश्वास शिकवायला उभी राहिले. मला याची लाज वाटते. तुमच्याही हातून होईल असं. झालं तर लवकर कळू दे, एवढीच प्रार्थना करा."

"कोण माणूस, आंटी?" निमिषने विचारलं.

"ते सांगणार नाही."

शिवांगी तिच्याकडे एकटक बघत होती. मघाशी चहाच्या वेळी तीही तिथेच होती. "आंटी, तुम्ही खरंच इथे अंघोळ करता?"

मुलांसमोर, देवाच्या घरात, एकाच दिवशी दोनदा खोटं बोलणं विभाताईला जमण्यासारखं नव्हतं.

"पुढच्या रविवारपासून," ती म्हणाली. दाराबाहेर बोळातून कप घेऊन जाणाऱ्या लेस्ली अंकलनीही ते ऐकलं.

शिवांगीने मान हलवली, वही मिटली, आणि आणखी काहीही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी विभाताईने पिशवीत टॉवेल, साबण आणि घडी केलेली साडी भरली. "आपल्या घरी दोन बाथरूम आहेत, तुला माहीत असेल," रवींद्र अंथरुणातून म्हणाला. तिने त्याच्या अंगावर उशी फेकली आणि ती निघाली.

सातला ती चर्चमध्ये पोचली. लेस्ली अंकल खुर्च्या लावत होते, केस ओले, भांग नीट, दाढी केलेली. तिच्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली. टॉवेलाचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी नुसती बोळाकडे मान केली आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "वॉटर रेडी, सिस्टर."

तिने न्हाणीघराचं दार उघडलं. फरशी पुसून कोरडी केलेली होती. शॉवरखाली बादली होती, काठोकाठ भरलेली. त्या करंगळीएवढ्या धारेला पाव तास लागतो, हे त्या चर्चमध्ये फक्त त्या एका माणसाला नीट माहीत होतं.

आई जाऊन सतरा वर्षं झाली होती. त्यानंतर विभाताईसाठी कुणी पाणी काढून ठेवलं नव्हतं. ती दार लावून बादलीपाशी खाली बसली आणि पोटभर रडली. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग तिने तोंड धुतलं आणि सावकाश, शेवटच्या तांब्यापर्यंत, अंघोळ केली. त्या दिवशी पहिलं गीत सुरू झालं तेव्हा फुलदाण्या रिकाम्याच होत्या.