खापरीला साबण

सातवीत शाळा सुटली तेव्हा एक विषय मला पक्का येत होता, भांडी घासणं. त्या जोरावर लातूरकडून पनवेलजवळच्या रोडपालीला आले. नवरा न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर यार्डात कामाला लागला होता. घरमालकीण मावशींनी खोली दिली, वर पहिल्याच दिवशी मासळीचं कालवणही दिलं. हे उपकार फेडायचे कसे, आणि काही चुकलं नि खोलीच गेली तर काय, या दोन काळज्या तेव्हापासून माझ्या सोबतीला.

म्हणून एकदा मावशी सुकी मासळी विकायला बाजारात गेल्या, तशी मी त्यांचं स्वयंपाकघर घासायला घेतलं. नळावरचे पांढरे डाग पिळलेल्या लिंबाच्या सालींनी निघाले. ओटा जुन्या बनियनने पुसला. मग दिसली खापरी, म्हणजे तांदळाची भाकरी भाजायचा त्यांचा मातीचा तवा. काळाकुट्ट. आमच्याकडं तवा लोखंडी, राखेनं घासला की लख्ख. इथं राख कुठून आणू? मूठभर धुण्याची पावडर टाकून खापरी पाण्यात बुडवून ठेवली, चांगला तासभर.

संध्याकाळी मावशींनी भाकरी टाकली तर कडेनं फेस. ती ताटलीत घालून त्या माझ्या दारात आल्या.

"खा. तुझीच करनी हाय."

एकच घास घेतला आणि मी विचारलं, खोली कधी रिकामी करू?

त्या बघतच राहिल्या. "खोलीनं काय केलं गो? ही सासूची खापरी, साबन पिते. हिला पानी पन जपून दावतो आमी."

मग खापरी दोन दिवस उन्हात राहिली, चुलीवर नुसतीच तापली, आणि तिसऱ्या दिवशी माणसात आली. मावशींनी मला मासे धरायच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा दिला. त्याच्यासारखी घासणी दुकानात मिळत नाही, वर्षभर झिजत नाही. तेलाचा रिकामा डबा कापून मी दारामागं अडकवला. त्यात जाळी, साली, बनियनच्या चिंध्या. मोरी धुवायच्या ॲसिडची बाटली मात्र वेगळी, उंच फळीवर.

गेल्या महिन्यात मावशी उरणला लेकीकडं गेल्या. घरी सून नवीन, म्हणून खापरी फडक्यात गुंडाळून माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. वापर म्हणाल्या. चार दिवसांत मी एकही भाकरी टाकली नाही. सकाळी फडकं उचलून फक्त बघायचे, तडा तर गेला नाही ना.