पाटी बदलणार नाही

"लाज कापडानं झाकता येते, आतडं झाकता येत नाही."

डॉक्टर दिपमाला देसले यांच्या तोंडी हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी येई. तपासणीच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्याला त्या ते सांगत. आपलं दुखणं नवऱ्याच्या तोंडून वदवणाऱ्या बाईला सांगत. 'काही नाही, जरा वारा धरलाय' म्हणत घामानं निथळणाऱ्या गड्यालाही सांगत. आवाज चढवून नाही, हात चालू ठेवून, सहज.

आमचं गाव सोनगीरहून शिंदखेड्याकडं जाताना लागतं. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये डांबरी रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला तारादेवी धर्मादाय दवाखाना. कापसाचे व्यापारी निर्मलकुमार शेठ यांनी तो आईच्या नावानं बांधला. वीस खाटा आणि एक ऑपरेशनची खोली. फाटकावर निळ्या पत्र्याची पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच नाव होतं: डॉ. दिपमाला देसले, सर्जन.

बाई मूळच्या धुळ्याच्या. त्यांची आई शेवंताबाई मार्केट यार्डात धान्याची पोती शिवायची. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा. शाळा सुटली की ही पोर आईशेजारी बसून गाठी मारायची. पुढं शिष्यवृत्तीवर शिकली, डॉक्टर झाली, सर्जन झाली. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडं आली तेव्हा लोकांना वाटलं, बाळंतपणाची डॉक्टरीण असेल. पहिल्याच आठवड्यात मळणी यंत्रात सापडलेला एक हात त्यांनी तीन तास उभं राहून शिवला. दोन बोटं गेली, तीन राहिली. त्या तीन बोटांनी तो माणूस आज बैलगाडी हाकतो.

मग माणसं येऊ लागली. फुटलेलं अपेंडिक्स, शिंग लागलेली मांडी, हायवेवर रोहीला, म्हणजे नीलगायीला, धडकून पडलेले मोटारसायकलवाले, पाठीवरची गळवं, बायकांच्या पित्ताशयातले खडे. पण एक गोष्ट सहा वर्षांत बदलली नाही. लंगोटाबाहेरचं दुखणं घेऊन पुरुष बाईंकडं यायचा, लंगोटाआतलं घेऊन धुळ्याला जायचा. नाहीतर कुठंच जायचा नाही.

आणि आमच्या गावात अंतर्गळ फार. पोती उचलणारी, विहिरी खोदणारी, फडात कुस्ती धरणारी माणसं. जांघेत गाठ उतरते, आडवं झालं की आत जाते, उठलं की पुन्हा येते. तोताराम हमालाची तर धोतरातून दिसायची. बाई त्याला रस्त्यात गाठून म्हणत, "तोतारामभाऊ, अर्ध्या तासाचं काम आहे." तो मान खाली घालून म्हणे, "देखू अक्का, पीकपानी निंघू द्या." पिकं निघाली, पुन्हा पेरली, पुन्हा निघाली. तोतारामाची गाठ तिथंच.

माघात शेठजी दवाखान्यात आले. माणूस मनानं चांगला, पण हिशेबी.

"मॅडम, पुरुष पेशंट नाही येत."

"माहीत आहे."

"धुळ्याहून जिनेशभाई येतात ना, भूल द्यायला? पाटीवर त्यांचं नाव वर टाकू. तुमचं खाली. नाव त्यांचं, हात तुमचा. क्या बिगडता है?"

बाईंनी हातमोजे काढून डब्यात टाकले. "मग हातही त्यांचाच मागा."

"मॅडम, रागावू नका. लोकांच्या भल्यासाठीच सांगतो. येतील तरी."

"येतील आणि पाठीमागं लपून मला कापायला लावतील. मी चोरून शिवणार नाही, शेठजी. पाटी बदलली त्या दिवशी मी धुळ्याची गाडी धरीन."

शेठजींनी फाटकाकडं पाहिलं. "अखाजीपर्यंत पाहू," त्यांनी अक्षय्य तृतीयेची मुदत घातली. "नाही आले तर ही खोली बंद. इथं डोळ्यांचे कॅम्प घेऊ."

ही गोष्ट दवाखान्यातल्या गिरधर ड्रेसरनं पारावर आणली. पारावर हसू पिकलं. सगळ्यांत मोठ्यानं हसले सुकदेव नाना. नाना म्हणजे आमच्या गावचे जुने पैलवान. वय बासष्ट, छाती अजून फळीसारखी. यात्रेच्या फडात वीस वर्षं पंच. त्यांचा शब्द पारावर शेवटचा.

"बाई टाका घाली, ते ठीक शे," नाना म्हणाले. "पन गड्यानं लंगोट फडात सोडाना, नही ते सरनावर. बाईसमोर नही."

पंधरा-वीस माणसं हसली. तोताराम हसला नाही. तो पोती ओढायच्या हमालीच्या लोखंडी आकड्याशी खेळत बसला होता.

चैत्री पुनवेला यात्रा. ऊन असं की फडातली माती पायाला चटके देत होती. दुपारी शेवटची कुस्ती सुटली आणि नानांनी जिंकलेल्या पैलवानाला दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात नानांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला आणि ते गुडघ्यांवर बसले.

तेव्हा कळलं. चौदा वर्षं नाना लंगोटाच्या आत फडक्याची घडी घालून अंतर्गळ दाबत आले होते.

घरी नेलं. आमच्याकडं एक रीत आहे. बाज भिंतीला तिरपी लावायची, माणसाला तिच्यावर उलटं निजवायचं, घोटे वर बांधायचे, डोकं खाली. उतरलेलं आतडं आपसूक आत जातं म्हणतात. जातही असेल. पण आतडं एकदा फासात सापडलं की उलटं टांगून काही होत नाही, नुसता वेळ जातो. त्या दिवशी आम्ही असे चार तास घालवले. दोर धरणाऱ्यांत मीही होतो. नानांना ओकारी झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आते मोकळं व्हई." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुंदरबाई, नानांची बायको, तोवर चुलीपाशी बसून होती. उठली, विळा घेतला आणि दोर कापले.

"छोटा हत्ती काढा," ती म्हणाली. छोटा हत्ती म्हणजे मालवाहू टेम्पो.

"धुयाले?" कुणीतरी धुळ्याच्या रस्त्याकडं बोट करून विचारलं.

"तारादेवीमा."

नाना कण्हत बोलले, "मी मरसू. पन बाईसमोर लंगोट सोडाव नही."

"मरनारले कसानी लाज?" सुंदरबाई म्हणाली. "आनि चाळीस वरीस तुमना लंगोट मीच धुस. बठ्ठ्या गावले म्हाईत शे तठे काय सोनं नही."

आम्ही हसलो नाही. हसायची ती वेळ नव्हती.

दवाखान्यात बाईंनी पोटावर हात ठेवला, गाठीवर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडं पाहिलं. "किती वाजता सुरू झालं?" सुंदरबाईनं वेळ सांगितली. "आणि चार तास काय करत होता?" नानांच्या घोट्यांवरचे दोराचे वळ त्यांनी पाहिले आणि पुढं काही विचारलं नाही.

"नाना," त्या वाकून म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून एकदम घरची बोली आली. "धुयाले जानं व्हई ते गाडी देस, सोबत कागद लिखी देस. पन वाटमा आतडं सडी जाई. आठे ऱ्हाशात ते मी करसू. मीच. दुसरा कोनी नही. तुमीन बोला."

नानांनी डोळे मिटले. कपाळावरून घाम कानात ओघळला. मग म्हणाले, "करा."

जिनेशभाई यात्रेमुळं गाडी अडकत अडकत धुळ्याहून आले. पाठीच्या कण्यात सुई दिली. कमरेखालचं अंग बधिर झालं, पण नाना जागे. छातीवर हिरवा पडदा. आतलं गिरधरनं नंतर सांगितलं ते असं. बाईंनी फास मोकळा केला तेव्हा आतड्याचं वेटोळं पिकल्या जांभळाच्या रंगाचं होतं. मेलं असेल तर कापून जोडावं लागणार, जिवंत असेल तर परत आत ठेवता येणार. बाईंनी गरम सलाईनमध्ये भिजवलेली फडकी त्याच्यावर ठेवली आणि दहा मिनिटं हात न हलवता उभ्या राहिल्या.

पडद्यापलीकडून नाना म्हणाले, "बाई, मी मरस का?"

"अजून तरी नाही. गप पडा."

"तुमीनच करी ऱ्हायनात ना?"

"दुसरं कोण दिसतंय का?"

दहा मिनिटांनी फडकं उचललं. जांभळा रंग फिका होत होता, कडेनं गुलाबी छटा चढत होती. चिमटा लावला तर आतडं अळीसारखं हललं. बाईंनी ते आत सारलं, भोक बुजवलं, भिंत टाक्यांनी घट्ट बांधली. बाहेर येऊन सुंदरबाईला म्हणाल्या, "वाचले. चार तास आधी आणलं असतं तर मी एवढी घाबरले नसते."

पाच दिवसांनी नाना घरी आले. पारावरची माणसं ओट्यावर गोळा झाली. पहिला प्रश्न तोच. "नाना, ऑपरेशन कोनी कयं?"

आणि नाना म्हणाले, "धुयाना डॉक्टर उना व्हता. जिनेश. हात काय हलका! बाई नुसती बाजूले उभी व्हती."

कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. जिनेशभाईंची गाडी सगळ्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तोताराम दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "अक्का, तो धुयाना डॉक्टर कवय येस?"

"कशाला?"

तोतारामानं धोतराकडं पाहिलं.

"तो पाठीत सुई देतो, भाऊ. ऑपरेशन मी करते."

"पन नानानं ते…" तोताराम थांबला. मग "देखू," म्हणाला आणि आला तसा गेला. बाई खिडकीत उभ्या राहून त्याची चाल बघत राहिल्या. तो जांघेवर हात दाबून चालत होता.

त्या संध्याकाळी शेठजींचा फोन आला. त्यांच्याही कानावर गेलं होतं. "देखा मॅडम? नावानं काम होतं. रंगारी पाठवू का?"

"पाठवा," बाई म्हणाल्या. "शिडी मीच धरते. शिडीवर कोण चढतो ते बघते."

रंगारी आला नाही.

दहाव्या दिवशी टाके काढायचे होते. नाना दवाखान्यात गेले नाहीत. त्यांनी गिरधरला निरोप धाडला, गुपचूप घरी ये आणि कापून जा. सकाळी नऊला पार भरलेला होता, नानांच्या ओट्यावर पाच-सहा माणसं होती आणि रस्त्यानं ट्रे घेऊन गिरधर येत होता. त्याच्या पुढं डॉक्टरीणबाई होत्या.

"या, बाई," सुंदरबाईनं आत बाज टाकली. नाना उठून आत गेले. दार लोटलेलं, पण खिडकी उघडी होती, आणि खिडकीखालच्या ओट्यावर आम्ही. ऐकलं ते खोटं सांगणार नाही.

कात्रीचा आवाज आला. एक टाका, दोन, तीन.

"दुखतंय?"

"नही."

"तुमची लाज तुमच्यापाशी, नाना. मी बाहेर जाऊन एक अक्षर बोलणार नाही. माझ्या तोंडून तुमचं दुखणं कुणाला कळणार नाही, तो माझा धर्म आहे." चौथा टाका. "पण एक विचारते. तुम्ही वीस वर्षं पंच. एका पैलवानाला तुम्ही जन्माचा फड बंद केला म्हणतात. तो कशासाठी?"

बाज करकरली.

"दुसराना नाववर कुस्ती धरी म्हनीन," सुंदरबाईच बोलली. "बठ्ठास्ले म्हाईत शे."

कात्री, आणि कापसाचा बोळा बाटलीत बुडवल्याचा आवाज. मग बाई म्हणाल्या, "झालं. तीन महिने ओझं उचलू नका. पैलवान तर अजिबात नका."

त्या ट्रे घेऊन ओट्यावर आल्या. चपला घालायला वाकल्या. मागून दार उघडलं आणि नाना चौकटीत उभे राहिले. एक हात जांघेवर होता. घसा खाकरला. ते खाकरणं ऐकून समोरचा पारही गप्प झाला, कारण फडात निकाल देताना नाना तसेच खाकरायचे.

"तोत्या," नाना म्हणाले.

पारावर तोताराम उभा राहिला.

"धुयाना डॉक्टरनं पाठमा सुई टोची. तेवढंच." नानांचा आवाज फडातलाच होता. "पोट बाईनं उघाडं. आतडं बाईनं वाचाडं. मी जागा व्हतू. मी खोटं बोलनू."

कुणी खोकलं. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "मंग लंगोट?"

"मी बाईसमोरच सोडा," नाना गरजले. "ज्याले हसनं व्हई त्यानी आठे ईसन हसाना. फड मोकळा शे."

कुणी आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या ओट्याची पायरी उतरल्या. पारासमोरून जाताना तोताराम रस्त्यात येऊन उभा राहिला. हातातला हमालीचा आकडा त्यानं खांद्यावर अडकवला, पुन्हा काढला.

"अक्का," तो म्हणाला, "मंगळवारले चालई का?"

"चालेल. आदल्या रात्री दहानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि बायकोला सोबत आणा, भावाला नको. भाऊ तुम्हाला उलटं टांगतील."

पारावर कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

त्या चालू लागल्या. साडीचा पदर खोचलेला, पाऊल नेहमीचंच, ना घाई ना थाट. गिरधर ट्रे घेऊन दोन पावलं मागं. पारावरचे आम्ही सगळे बघत होतो, चौकटीत नाना बघत होते. रस्ता कपाशीच्या मोकळ्या रानांकडं वळतो तिथं त्या उन्हात दिसेनाशा झाल्या. तरी सुंदरबाई ओट्याच्या कडेला डोळ्यांवर हात धरून उभीच होती.