सहा विषयांचा एकच पाठ

तर रंजीता बाई कुरखेड्याच्या बाजारातून भाजी न घेताच परतल्या, इथवर काल गोष्ट आली होती. पिशवीत वांगी नाहीत, मिरच्या नाहीत, नुसते कागद. पावसाने भिजू नयेत म्हणून खताच्या थैलीचं प्लास्टिक फाडून त्यात गुंडाळलेले. नाल्यावर मुखरू भाऊ भेटला. म्हातारा शाळा समितीचा अध्यक्ष, आणि टोल्यावर, म्हणजे त्या रानातल्या वस्तीत, येणारी कोणतीही वस्तू त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत जात नसे.

"काय आणलं बाई बजारातून?"

"पाठ आणले, भाऊ."

"अन् जेवाले?"

बाई हसल्या. म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "मंग आज पाठच शिजवा. मीठ नसन तं घरून घेऊन जा."

आता हे पाठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. टोला पंचेचाळीस घरांचा, घराघरात गोंडी बोलली जाते, आणि शाळा पहिली ते चौथी. मुलं एकोणीस, वर्ग चार, विषय सहा, मास्तर म्हणाल तर रंजीता बाई एकट्या. त्या नागभीडकडच्या, धान करणाऱ्या घरातल्या. कोणता धडा कसा शिकवायचा याचं टाचण रोज काढावं लागतं. चार वर्गांचं, सहा विषयांचं टाचण एकटीने काढायचं तर बाईंना कंदील घेऊनच जन्माला यायला हवं होतं. पण राज्यात कुठले कुठले भले शिक्षक आपली टाचणं नेटवर टाकून ठेवतात, अगदी फुकट. टोल्यावर रेंज नाही. म्हणून बाई बाजाराच्या दिवशी कुरखेड्याला सुनिलच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत, मोबाइलवर 'दुसरी, वजाबाकी, टाचण' असं लिहून शोधत आणि सापडेल ते छापून आणत.

ही टाचणं लिहिणारे बहुतेक तिकडले, उसाच्या मुलखातले. त्यामुळे गणितात ऊस, भाषेत ऊस, सहल निघाली तर साखर कारखान्याला. बाई निळ्या पेनाने ऊस खोडत आणि वर धान लिहीत. लिफ्ट खोडून मचाण लिहीत. एकदा टाचणात आलं, 'मुलांना चौकातला सिग्नल दाखवा.' बाईंनी मुखरू भाऊला विचारलं, हे कसं करायचं?

"आहे ना सिग्नल," म्हातारा म्हणाला. "नथ्थूचा बैल. तो रस्त्यात बसला का सारे थांबते, उठला का सारे जाते."

बाईंनी बैल लिहिला आणि पाठ घेतला. पोरं इतकी हसली की नथ्थूचा बैल पुढे महिनाभर सिग्नल म्हणूनच ओळखला गेला. बाहेरचं खोडायचं आणि टोल्यावरचं लिहायचं, हीच त्यांची शिकवण्याची तऱ्हा झाली. त्या पद्धतीवर त्यांचा फार जीव.

त्या बाजाराला, म्हणजे गेल्या वर्षीच्या जुलैत, त्यांना जे सापडलं त्यापायी भाजी राहिली. व्याघ्रदिनाचा पाठ. एकच पाठ, पण सहाही विषयांचा, आणि चारही वर्गांना चालणारा. भाषेत वाघाचं गाणं, इंग्रजीत वाघाचे शब्द, परिसर अभ्यासात वाघाचं खाणं, गणितात शिकारींचे गुणाकार, कलेत मुखवटे, खेळात वाघाची चाल. एकट्या बाईला याहून मोठं घबाड कोणतं? एकोणतीस जुलैला त्यांनी तो पाठ घेतला. एकोणीस मुखवटे झाले. सगळ्यात मोठी डरकाळी दिव्यानीची, झिंगू मडावीची ही मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिची आई बुधरी त्या दिवशी शाळेची खिचडी शिजवायला आली होती. ती हातातला झारा घेऊन दारात उभी राहिली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी फोटो काढला. केंद्रप्रमुख गुणवंतराव सरांनी तो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'आदर्श'.

पुढे मे महिना आला. तेंदूच्या पानांचा हंगाम, उजाडायच्या आत सगळा टोला रानात. बुधरी वाकून पानं खुडत होती. बरोबरच्या बायांनी नुसता आवाज ऐकला. तिला आणली ती लुगड्यात बांधून, आणि झिंगूने ते गाठोडं कुणाला सोडू दिलं नाही.

जूनअखेर शाळा उघडली; चौथीतून जितकी गेली तितकीच पोरं पहिलीत आली, पट एकोणीसच. बाई आदल्या दिवशीच आल्या आणि भिंतीवरचे एकोणीस मुखवटे काढून चुलीत घातले. दिव्यानी पहिले दहा दिवस आलीच नाही. बाई रोज झिंगूच्या अंगणात जाऊन बसत, तिच्याबरोबर चारोळ्या फोडत. अकराव्या दिवशी पोरगी आपणहून पाटी घेऊन आली. कोपऱ्यात बसे, कुणाशी बोलत नसे. पण येत होती. बाईंना त्या साली दुसरं काही नको होतं, एवढीच पोरगी शाळेत टिकायला हवी होती.

आणि जुलैत, बाजाराच्या दिवशी, शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला. व्याघ्रदिन साजरा करा, टाचण आणि फोटो त्याच दिवशी पाठवा, वगळता येणार नाही.

बाई मुखरू भाऊकडे गेल्या. "भाऊ, घेऊ का हा पाठ?"

म्हाताऱ्याने तंबाखूचा खर्रा चोळून तोंडात टाकला. "वरून आलं हाय तं घ्या. पण बाई, त्याचं नाव नोका घेऊ. आमी त्याले मोठा म्हणतो. रानात बी, घरात बी."

बाईंनी मग निळं पेन घेतलं. मुखवटे खोडले. डरकाळी, चाल, गाणं, सगळं खोडलं. शेवटी उरलं फक्त गणित. त्यांना वाटलं, आकड्यांनी कुणाला काय होणार आहे? आणि जिथे जिथे वाघ होता तिथे तिथे, आपल्या नेहमीच्या पद्धतीने, टोल्यावरचा शब्द लिहिला.

इथेच बाई चुकल्या. पुस्तकातला वाघ पिवळा होता, पट्ट्यांचा होता, कागदाचा होता. दिव्यानीने तो स्वतः तोंडावर लावला होता. तिच्या आईला नेलं ते त्या वाघाने नव्हे, मोठ्याने. आणि मोठा तोवर शाळेत कधी आला नव्हता. बाईंनी त्याला आणून फळ्यावर बसवला.

'एक मोठा आठवड्याला एक शिकार करतो. वर्षात किती शिकारी?'

चौथीच्या पोरांनी गुणाकार केला. धाकट्यांनी बोटं मोजली. बावन्न, असं सगळे एका सुरात म्हणाले. बाईंनी बावन्न लिहिलं आणि फोटोसाठी मोबाइल हातात घेतला. तेव्हा कोपऱ्यातून दिव्यानी उठली. शाळा उघडल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती.

"बाई, ह्या बावन्नात माही माय धरली का?"

बाईंनी मोबाइल खाली ठेवला. फळा पुसला. पोरांना लवकर घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई अंगणात जाऊन बसल्या, पण या खेपेला चारोळ्यांचं टोपलं बाहेर आलं नाही. झिंगू दारात उकिडवा बसून राहिला.

"तुमाले दोष नाई देत बाई," तो म्हणाला. "पण पोरगी म्हणते, शाळेत बी तोच बसला हाय. मी तिले तिच्या मामाकडं धाडून राह्यलो, मार्कंड्याच्या अंगाला. तिकडं रान पातळ हाय."

"मी घरी येऊन शिकवते, भाऊ. एक महिना द्या."

"काय शिकवसान?"

सोमवारी दिव्यानी मामाच्या मोटारसायकलवर बसून गेली. बाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. पोरीने तिकडे पाहिलं नाही.

आठवड्याने गुणवंतराव सरांचा फोन आला, तोही बाई कुरखेड्याला होत्या म्हणून लागला.

"मॅडम, पूर्ण केंद्रात तुमचाच फोटो नाई. काऊन? मागच्या साली तं पहिला होता."

"पाठ मधेच थांबवला, सर."

"बरं, थांबवला तं थांबवला. मागच्याच सालचा धाडून द्या ना. कोण पाहून राह्यलं?"

बाईंनी मोबाइलमध्ये तो फोटो काढून पाहिला. एकोणीस वाघ, आणि मागे दारात झारा धरून हसणारी बुधरी. त्यांनी नाही म्हटलं. सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी दोनदा समजावलं, मग तेही चिडले. चार दिवसांत लेखी खुलासा मागणारं पत्र आलं. बाईंनी सुनिलच्याच दुकानात, झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर, निळ्या पेनाने खुलासा लिहिला. तो असा:

"महोदय, २९ जुलैचा पाठ मी घेतला. इयत्ता तिसरीच्या दिव्यानी झिंगू मडावी हिने गणिताच्या तासाला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी आजवर जमवलेल्या कोणत्याही पाठात नाही आणि मलाही देता आलं नाही, म्हणून पाठ तिथेच थांबवला. गेल्या वर्षीचा फोटो पाठवणार नाही, त्यात तिची आई आहे. पाठ दुसऱ्याचा होता, पण त्यात जो शब्द मुलीला लागला तो मी माझ्या हाताने लिहिला, तरी चूक पाठाची धरू नये. पटावर एकोणीस नावं आहेत, हजर अठरा असतात. एकोणिसावं नाव मी कमी केलेलं नाही आणि करणार नाही. कारवाई करायची असल्यास करावी."