फरशीतलं कासव

समस्त वाचकांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येत आहे की, ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात माझ्या आतोबांइतका नेमाने चर्चला जाणारा हिंदू आजवर झालेला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शहापूरला जमीन-मोजणीच्या कचेरीत सगळी नोकरी झाली, आणि १९९०च्या सुमारास निवृत्त झाल्यावर हा माणूस दिसेल ते मोजू लागला. लग्नाला गेले की आधी मांडव मोजत, मग आहेर देत. आमच्याकडे आले की चपला काढता काढता म्हणत, "तुझं दार डावीकडे एक बोट उतरलंय रे," आणि पुढचे आठ दिवस मला घरात तिरकं चालल्यासारखं वाटे.

अशा माणसाच्या नजरेस मुरबाडच्या बाजूचं ते छोटं दगडी चर्च पडलं आणि आत्याचे रविवार संपले. टेप आणि ओळंबा पिशवीत टाकून आतोबा सकाळची पहिली एसटी धरत. "घरच्या देवाला फूल वाहायला टाइम नाय, आनि येसूकडं पयल्या गाडीनं!" असं आत्या दारातून ऐकवी. उपासना चालू असताना ते शेवटच्या बाकावर मान वर करून बसत. पाळकांना वाटलं, गृहस्थ स्वर्गाकडे डोळे लावून बसलेत. मोठ्या आशेने त्यांनी विचारलं, "प्रभूचा शोध चाललाय का?" आतोबा म्हणाले, "नाही हो, खिळ्याचा. छप्पर पेलणाऱ्या सगळ्या लाकडी कैच्या पाहिल्या, एक खिळा सापडेल तर शपथ! सागाच्या खुंट्यांवर उभं आहे सगळं." त्यांचं म्हणणं असं, की टोकदार कमानीच्या खिडक्या इंग्रज साहेबाच्या कागदावरच्या, पण कमरेएवढं जोतं, भलाथोरला उंबरठा आणि दाराशी पणतीचे दोन कोनाडे, हे कोणत्याही साहेबाच्या डोक्यातून निघणार नाही. हा इथलाच कोणी गवंडी! दारावरच्या पाटीत साहेबाचं नाव होतं, देणगीदाराचं होतं, गवंड्याचं नव्हतं. ते शोधायला आतोबा पार घाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत गावोगाव म्हातारे गाठत फिरले. म्हातारे चहा पाजत आणि आपल्याच आजोबांचं नाव सांगत. अशी अकरा नावं जमली.

सगळं चर्च मोजून झालं होतं. राहिली होती ती पुढची जमीन. तिथे सतरंजीवर बायका बसत आणि त्यांना उठा म्हणायचं धैर्य आतोबांपाशी नव्हतं. मग एका वर्षी नाताळाआधी नवी फरशी घालायचं ठरलं, सतरंजी उचलली गेली, आणि वेदीसमोर दगडात कोरलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं कासव निघालं. थेट देवळात असतं तसं! सगळी मंडळी गोळा झाली; त्या दिवशी आतोबांबरोबर मीही होतो. चर्चचे सेक्रेटरी म्हणाले, "उपटून काढा. चर्चमध्ये कासव? लोक काय म्हणतील?" आतोबा पुढे झाले. "अहो, त्या गवंड्याच्या हाताखालून आजवर देवळंच गेलेली. देवाचं घर म्हटलं की आत कासव, एवढंच त्याला ठाऊक. बसवून मोकळा झाला असेल. पाटीत त्याचं नाव नाही. ही एवढी सही आहे त्याची, ती तरी..." आणि चार-चार तास न थांबता बोलणारे आतोबा तिथे थांबले. टेप हातात तशीच लोंबत राहिली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाराव्या म्हाताऱ्याकडे जायचं राहूनच गेलं. गवंड्याचं नाव काही सापडलं नाही. कासव मात्र आहे, चकचकीत फरशीच्या मधोमध, ऐटीत. त्याचं श्रेय आतोबांच्या भाषणाला नाही. ते अडखळले आणि सेक्रेटरींनी पहार आणायला हात केला, तेवढ्यात मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मार्थाबाई काठी टेकत पुढे आल्या, वाकून कासवाच्या पाठीवर हात फिरवला आणि भर चर्चमध्ये ओरडल्या, "अगो बाय, इतकी वर्सं मांडीला टोचत व्हता तो ह्योच काय! ऱ्हाऊ द्या रे त्याला, माज्या आधीपासून बसलाय तो उपासनेला!"